शिडीच्या अल्बममधली ठकठक

"अगं, जरा बाहेर ये. फक्त फरक ऐक आणि जा."

"मागच्या वेळी फरक ऐकायला आले तेव्हा दूध उतू गेलं," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "आणि फरक काही ऐकू आला नाही."

रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत बत्तीशी दोन हातांत दोन सीडी धरून उभा होता. त्याचं खरं नाव मित्रांनाही आठवावं लागायचं. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि हा मागच्या गल्लीतल्या आपल्या छोट्या कारखान्यात त्या मापाच्या कवळ्या घडवायचा, म्हणून तो बत्तीशी. दिवसभर कानाशी घासायच्या चाकाची घरघर. घरी आला की हात स्वच्छ धुवायचा आणि चौघांना लावायचा.

चौघे म्हणजे एक रॉक बँड. बत्तीशीच्या तरुणपणी त्यांनी सात अल्बम काढले, कशावरून तरी भांडले आणि पुन्हा कधी एकत्र वाजवलं नाही. त्यातले दोघे आता हयात नाहीत, उरलेले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. तरी त्यांचे अल्बम निघतच असतात. दर काही वर्षांनी कंपनी मूळ टेप तिजोरीतून काढते, आवाज धुऊनपुसून घेते, त्याला रिमास्टर म्हणते आणि नव्या खोक्यात घालून विकायला ठेवते. बत्तीशी ते विकत घेतो. अल्बम सातच, पण कपाट गच्च भरलं होतं.

"एकच माणूस दर पाच वर्षांनी आंघोळ करून दारात उभा राहतो," बायको मुलीला फोनवर सांगायची, "आणि तुझे बाबा त्याची नव्याने ओळख करून घेतात."

यावर बत्तीशी हसायचा. पण तिचं दुसरं एक वाक्य होतं, ते त्याला लागायचं. प्रत्येक नवी सीडी आली की तो तिला आधीची आणि आताची अशा दोन्ही ऐकवायचा, आणि ती पदराला हात पुसत म्हणायची, "सगळ्या सारख्याच वाजतात." तीस वर्षं हेच. बत्तीशीला फार काही नको होतं. तिने एकदा, निदान एकदा, मान डोलवून 'हो, फरक आहे खरा' एवढं म्हणावं, इतकंच त्याच्या मनात होतं.

आणि या खेपेला फरक खरोखर मोठा होता. चौघांच्या चौथ्या अल्बमच्या पुठ्ठ्यावर भिंतीला टेकवलेली एक शिडी आहे, म्हणून त्याला सगळे शिडीचा अल्बम म्हणतात. त्यात एक लांबलचक संथ गाणं आहे. गाण्याच्या मध्यावर चौघेही एकदम थांबतात. काही म्हणजे काही वाजत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वीज गेली. मग ड्रमचा एक धमाका होतो आणि गाणं पुन्हा उसळतं. मूळ रेकॉर्डवर ही शांतता चांगली ऐसपैस होती. पण पहिली सीडी काढली तेव्हा कोणातरी शहाण्याला वाटलं, ही चूक आहे. त्याने शांतता कापून आखूड केली. पुढच्या सगळ्या सीड्यांनी तीच आखूड शांतता उचलली. आता या नव्या रिमास्टरवर छापलं होतं की मूळ शांतता जशीच्या तशी परत आणली आहे, आणि टेपची खरखरही काढून टाकली आहे.

बायको काही बाहेर आली नाही. बत्तीशीने एकट्यानेच खुर्ची ओढली. त्याचे दोन स्पीकर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होते आणि खुर्ची त्यांच्या बरोबर समोर, मोजून मापून ठेवलेली. ती कोणी केर काढताना जरा सरकवली तरी त्याला कळायचं. त्याने डोळे मिटले. संथ गाणं चढत गेलं आणि चौघे थांबले.

काय ती शांतता! बत्तीशीने श्वास रोखला. आणि त्या शांततेत, दोन स्पीकरच्या अगदी मधोमध, आवाज आला. ठक, ठक. मग अगदी बारीक, दमल्यासारखं, "हं." आणि लगेच ड्रमचा धमाका.

तो खुर्चीतून ताडकन उठला. गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. ठक, ठक. हं. त्याने जुनी सीडी लावली. त्यात काही नाही, शांतता संपून गाणं सुरूसुद्धा झालं. पुन्हा नवी. ठक, ठक. हं. चाळीस वर्षं टेपवर दडलेला आवाज खरखरीखालून वर आला होता, आणि तो ऐकणारा पहिला माणूस तो होता!

"अगं! अगं, सापडलं!"

"काय, चष्मा?" बायको आतून म्हणाली.

त्याने भिंगला फोन लावला. भिंग म्हणजे शाळेपासूनचा मित्र, चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि चौघांच्या क्लबचा अध्यक्ष. आठदहा चाहते महिन्यातून एकदा त्याच्या दुकानात जमायचे आणि कोणती आवृत्ती चांगली यावर घसा बसेपर्यंत भांडायचे. भिंगचं मत ठाम होतं. पहिली सीडी हीच खरी, त्यानंतरच्या सगळ्या म्हणजे नुसती धुलाई.

"ठकठक?" भिंग फोनवर म्हणाला. "लेका, तुझ्या डोक्यात चाक फिरतंय ते."

"ये आणि ऐक."

भिंग तासाभरात हजर झाला. बायको म्हणाली, "बसा भाऊजी, चहा टाकते," आणि आत गेली. बत्तीशीने त्याला मधल्या खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. चौघे थांबले. टण, टण. हं. धमाका.

भिंगने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. जणू तो डोळ्यांनी ऐकत होता.

"मला तर धातूचा वाटला आवाज."

"मघाशी लाकडी होता," बत्तीशी म्हणाला. "स्पीकर तापले की धातूचा येत असणार."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं, पण नेमकी तेव्हा बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. चौघे थांबले, ती ट्रे धरून उभी राहिली, चौघे सुरू झाले. काही ऐकू आलं नाही.

"आता नाही आली," भिंग म्हणाला.

"कपबश्या किणकिणल्या ना. दबली ती त्यात."

"काय नाही आली?" बायकोने विचारलं. "साखर?"

ती आत गेल्यावर तिसऱ्यांदा लावलं, तर स्वच्छ आली. ठक, ठक. हं. भिंग इतका हलला की चहा बशीत सांडला. वीस वर्षांचं त्याचं ठाम मत त्याच बशीत तरंगत होतं.

"बुटाची टाच आहे ती," तो कुजबुजला. "बेस गिटार वाजवणाऱ्याची. आणि तो 'हं' त्याचाच. दमा होता त्याला."

"छट्! ड्रमवाला आहे. धमाक्याआधी काठ्या टेकवून माप घेतोय."

दोघे जेवायच्या वेळेपर्यंत भांडले, आणि इतकं छान भांडण त्यांच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. संध्याकाळी बत्तीशीने चाहत्यांच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहून टाकलं. लाकडी आवाज कधी, धातूचा कधी, हेसुद्धा लिहिलं.

तिथून जे सुरू झालं ते कोणाच्याच हातात राहिलं नाही. देशोदेशीच्या लोकांनी शिडीचा अल्बम काढला, आवाज वाढवला आणि कान लावले. आणि त्यांनाही ठकठक ऐकू आली! एकाला तीन ठोके ऐकू आले. एकाला दार उघडल्याचा आवाज आला. एका बाईंची मांजर म्हणे बरोबर त्या क्षणी कान टवकारून बसते. एका इंजिनिअरने गाण्याचा आलेख काढून दाखवलं की त्या जागी काहीही नाही, सपाट रेघ आहे. त्याला तासाभरात ग्रुपमधून काढून टाकलं.

भिंगची अडचण वेगळी होती. त्याने स्वतःसाठी नवी सीडी आणली, घरी लावली, आणि तिच्यात ठकठक नव्हती. त्याने शांतपणे निष्कर्ष काढला की आपला माल खराब निघाला. गावात सीडीचं एकच दुकान उरलं होतं, तेही मोबाइलची कव्हरं विकून कसंबसं टिकलेलं. तिथे जाऊन त्याने सीडी बदलून आणली. तीही तशीच. मग क्लबातले बाकीचेही आपापल्या सीड्या घेऊन दुकानात रांग लावू लागले.

"काका, तुमची माणसं आवरा," दुकानदाराने बत्तीशीला फोन केला. "माल परत आणतायत. काय बिघडलंय विचारलं, तर म्हणतात, शांतता आहे."

"बरोबर आहे त्यांचं."

"अहो, शांतता असली तर कंपनीला काय कळवू मी? आवाज नाही म्हणून तक्रार ऐकली होती. शांतता फार शांत आहे ही तक्रार कुठल्या खान्यात टाकू?"

आणि मग रेडिओवरून फोन आला. निवेदिकेचा आवाज मधाळ होता. शनिवारी दुपारी लोकांच्या छंदांवर त्यांचा एक तासाचा कार्यक्रम असतो. या शनिवारी बत्तीशीने यावं, चौघांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकामागून एक ऐकवाव्यात, त्यांतला फरक समजावून सांगावा, आणि शेवटी ती प्रसिद्ध ठकठक सगळ्या श्रोत्यांना थेट ऐकवावी.

"पूर्ण तास?" बत्तीशीने विचारलं.

"पूर्ण तास तुमचाच, सर."

बत्तीशी फोन ठेवून खाली बसला. त्याला कोणी तासभर कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर फोनवर माप सांगून ठेवून द्यायचे. घरी दूध उतू जायचं. त्याने बायकोला सांगितलं, तर ती चक्क म्हणाली, "ऐकीन हो मी. शनिवारी ओट्यावर इस्त्रीचं काम काढणारच आहे, रेडिओ लावून ठेवते. उठून कुठे जाता येणार नाही, म्हणजे पूर्ण ऐकणं आलंच."

बत्तीशीला आणखी काय हवं होतं? बायको तासभर एका जागी उभी राहून चौघांच्या आवृत्त्यांतला फरक ऐकणार होती! त्या आनंदात त्याने एका डॉक्टरला वरच्या जबड्याऐवजी खालचा पाठवला.

शुक्रवारी कारखाना बंद ठेवून त्याने घरी तालीम केली. बायको सकाळीच तिच्या बहिणीकडे गेली होती. त्याने शिडी लावली. चौघे थांबले. काही नाही. पुन्हा लावली. काही नाही. त्याने सीडी पुसली, वायरी बदलल्या, प्लग उलटा करून पाहिला, खिडक्या बंद केल्या, मग उघडल्या. दुपारपर्यंत त्याला घाम फुटला. चार वाजता तो देवाला नव्हे, ड्रमवाल्याला हात जोडून बसला होता. संध्याकाळी बायको परत आली, पिशवी ठेवायला आत गेली, आणि लगेच ठक, ठक. हं.

बत्तीशीचा जीव भांड्यात पडला. कारण उघड होतं. यंत्र पुरेसं तापायला दिवस लागतो! त्याने तसाच रेडिओवर फोन केला. "उद्या तुमचा प्लेअर सकाळपासून चालू ठेवा. थंड प्लेअरवर ती येत नाही."

शनिवारी तो नवा शर्ट घालून स्टुडिओत पोचला. सोबत साक्षीदार म्हणून भिंग होता. मुलगी सुट्टीला घरी आली होती, तिने शर्टाचं वरचं बटण लावून दिलं होतं आणि ते आता त्याला गळ्याशी दाटत होतं. स्टुडिओ म्हणजे भिंतींना स्पंज लावलेली छोटीशी खोली. काचेपलीकडे एक जाडगेले ऑपरेटर बिस्किटं खात बसले होते. प्लेअरला हात लावला तर इस्त्रीसारखा गरम.

लाल दिवा लागला आणि बत्तीशी बोलू लागला. आणि काय बोलला! स्वतः भिंगला आश्चर्य वाटलं. त्याने पहिली सीडी ऐकवली, दुसरी ऐकवली, पुढे आवाज कसा वाढवत नेला ते दाखवलं. मग तो म्हणाला, "मी कवळ्या बनवतो. एखाद्या माणसाच्या पुढच्या दोन दातांत जन्मापासून फट असते. कवळी करताना ती फट भरून टाकली तर दात सुंदर दिसतात, पण घरी गेल्यावर बायको म्हणते, हा कोण आला? म्हणून मी फट ठेवतो. पहिल्या सीडीवाल्यांनी या गाण्यातली फट भरून टाकली होती. आता ती परत आली आहे. आणि त्या फटीत कोणीतरी आहे. ऐका."

निवेदिका पुढे झुकली. भिंगने चष्मा काढला. गाणं चढत गेलं, चढत गेलं आणि चौघे थांबले.

काहीच नाही. बत्तीशी स्पीकरकडे बघत राहिला. काहीच नाही. आणि मग अचानक, सगळीकडून, भोंगे आणि तुताऱ्या घुमू लागल्या. पोलिसांच्या बँडची दणदणीत संचलन-धून सुरू झाली होती.

"ही ठकठक?" भिंग ओरडला.

"ते आमचं यंत्र आहे!" काचेमागून ऑपरेटर धावत आले, तोंडात बिस्किट तसंच. "स्टेशनवर जरा वेळ आवाज आला नाही की त्याला वाटतं स्टेशन बंद पडलं. मग ते आपलं आपण संकटकाळचं संगीत लावतं."

"बंद करा ते!"

"किल्ली साहेबांकडे असते. साहेब शनिवारी नसतात."

पुन्हा गाणं लावलं. चौघे थांबले, ठकठक आली नाही, पोलीस आले. ऑपरेटरनी तोडगा काढला. "कोणीतरी शांततेत बारीक बोलत राहा, म्हणजे यंत्राला कळेल आपण जिवंत आहोत."

"मग ती शांतता कसली?" बत्तीशी कळवळून म्हणाला.

एवढ्यात फोन वाजू लागले. निवेदिकेने घाईघाईने पहिला घेतला. एक गृहस्थ आनंदाने ओरडत होते, "आली! दोन्ही वेळा आली! धन्य झालो!" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "ठकठक गोड होती हो, पण मागोमाग पोलीस कशाला?" तिसरा सीडीचा दुकानदार होता. "एवढंच सांगा, मी माल परत घ्यायचा की नाही?"

बत्तीशीने शर्टाचं वरचं बटण सोडलं. घरी बायको हे सगळं ऐकत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा ती तासभर ऐकायला उभी राहिली, आणि तिला काय ऐकवलं, तर तुताऱ्या.

"आणखी एक श्रोता आहे आपल्यासोबत फोनवर," निवेदिका म्हणाली. "बोला ताई."

"बाबा, मी बोलतेय."

"कोण, तू? अगं, आता नको, मी रेडिओवर आहे."

"माहितीये. बाबा, तुमची ठकठक तिथे येणार नाही. ती इथे आहे. आपल्या घरात."

"म्हणजे?"

"आई! तुम्ही गाणं लावलंत, ते लोक थांबले, आणि आईने हातातल्या हँगरने ओट्यावर दोन ठोके दिले आणि 'हं' म्हणाली. मी म्हटलं, योगायोग असेल. दुसऱ्यांदा लावलंत, तिने परत दिले! तिला स्वतःलाच पत्ता नाही."

मागून आवाज आला. "फोन ठेव आधी! सगळं गाव ऐकतंय!"

स्टुडिओत कोणी काही बोलेना. बत्तीशी भिंगकडे बघत होता, भिंग त्याच्याकडे. लाकडी म्हणजे लाटणं, धातूचा म्हणजे चमचा. शुक्रवारी बायको बहिणीकडे. स्पीकरच्या मधोमध म्हणजे भिंतीपलीकडचा ओटा. सगळे दात एकेक करून बरोबर जागी बसत होते. ही शांतता इतकी लांबली की पोलिसांचा बँड पुन्हा सुरू झाला.

तो थांबवल्यावर निवेदिका हसू दाबत म्हणाली, "ताई, आईंकडे फोन देता का?"

बरीच ओढाताण ऐकू आली. मग, "नमस्कार. मी काही ठोकलं-बिकलं नाही."

"आई, हँगर अजून हातात आहे तुझ्या."

"…असेल. पण तिथे ठोकायचंच असतं ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?" निवेदिकेने विचारलं.

"सांगायला कशाला हवं कोणी? लग्न झालं तेव्हा घरात हीच एक रेकॉर्ड होती. सकाळ-संध्याकाळ तीच. मी आत कामात असायची. मध्येच ती माणसं गप्प व्हायची. मला वाटायचं, विसरली की काय पुढचं? म्हणून मी आपले दोन ठोके द्यायची, 'चला आता' म्हणून. की लगेच सुरू. मग सवयच पडली. पुढे त्या सीड्या आल्या, तेव्हापासून मात्र माझा हात उठायच्या आत ते सुरू व्हायचे. मला वाटलं, आपलंच वय झालं, हात मंदावला. आता या नवीनमध्ये परत थांबतात बिचारे."

बत्तीशी रेडिओ विसरला, निवेदिकेला विसरला. माइक दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "म्हणजे तुला फरक कळत होता? इतकी वर्षं?"

"फरक-बिरक मला काही कळत नाही. सगळ्या सारख्याच वाजतात. फक्त त्या बाकीच्यांत मला वेळ पुरत नाही आणि हिच्यात पुरतो."

"वहिनी," भिंग पुढे सरसावला. "आणि पहिली सीडी? सगळ्यात पहिली?"

"ती तर सगळ्यात घाईची, भाऊजी. दारात उभं राहून बोलणाऱ्या माणसासारखी."

भिंगने चष्मा घडी करून खिशात ठेवला. राहिलेला सगळा वेळ फोन वाजत राहिले आणि एकही बत्तीशीसाठी नव्हता. लोकांना वहिनींशी बोलायचं होतं. दुसऱ्या गाण्यात कुठे ठोकता, तिसऱ्या अल्बममध्ये काय करता. ती उत्तरं देत गेली, आधी लाजत, मग चांगलीच रंगात येऊन. कार्यक्रम संपताना निवेदिकेने तिला पुढच्या महिन्याचं आमंत्रण दिलं.

बत्तीशीने त्या रात्री ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. कोणी विश्वास ठेवला नाही. 'कंपनीचा दबाव आलेला दिसतो,' असं त्यांचं एकमत झालं. त्या बाईंची मांजर अजूनही कान टवकारत होती.

पण घरात पंचाईत झाली. रविवारी आख्खा क्लब ठोके ऐकायला आला, आणि बायकोला ते जमेनात. एकदा लवकर पडले, एकदा उशिरा, एकदा ती मोजत बसली आणि पडलेच नाहीत. आठ माणसं स्वयंपाकघराच्या दाराशी कान देऊन उभी. तिने हँगर टेबलावर टाकला. "जा बाई! नकळत होत होतं तेच बरं होतं. तुमच्या त्या तासाने माझं गेलं."

ती हे हसत म्हणाली, पण बत्तीशीला ते हसणं ओळखता येत होतं. त्याने क्लबला चहा पाजून वाटेला लावलं. जे तिच्या हातात आपसूक होतं, ते आपण सगळ्या गावाला दाखवायला गेलो आणि घालवून बसलो, असं त्याला वाटलं. दोन आठवडे त्याने शिडीचा अल्बम लावलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात बायकोनेच विचारलं, "आजारी आहात का? घरात आवाज नाही."

मग त्याने लावला. पण समोरच्या खुर्चीत बसला नाही. ऐकतोय असं तिला वाटू नये म्हणून टेबलाशी कवळी घेऊन उगाच पुसत बसला.

"रिकामे आहात ना?" ती आतून म्हणाली. "मग या इकडे. चादरीचं टोक धरा."

तो गेला. दोघांनी मोठी चादर चारी टोकांनी ताणली. बाहेर संथ गाणं चढत होतं. तिने टोक जुळवलं, त्याने जुळवलं. ती पुढे आली, तो पुढे आला. तेवढ्यात चौघे थांबले.

बायकोचे दोन्ही हात चादरीत अडकले होते. ती तशीच थांबली आणि दाराकडे बघू लागली. शांतता पसरत चालली, आणि बत्तीशीला एकदम त्या चौघांची काळजी वाटली. आता यांना कोण सांगणार? त्याने पाय उचलला आणि टाचेने फरशीवर दोन ठोके दिले.

चौघे सुरू झाले नाहीत. बराच वेळ झाले नाहीत. मग झाले.

"अहो, किती घाई!" बायको म्हणाली. "इतक्या लवकर नसतं ते. इतकी वर्षं समोर बसून काय ऐकत होतात?"

"बरोबर तर वाटलं मला."

"काही बरोबर नाही. त्यांना श्वास तरी घेऊ द्या." तिने चादर त्याच्या हातातून ओढून घेतली आणि खुर्चीवर टाकली. मग पदराला हात पुसत ती बाहेरच्या खोलीकडे निघाली, आणि मोजून मापून ठेवलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसली. "लावा बघू परत. मी सांगते कुठे ते."